बुटात लपवलेल्या वह्या, बागेत पुरलेली डायरी: युक्रेन आपला इतिहास एवढा जिवापाड का जपतो?

१२ जुलै २०२१ रोजी रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांच्या नावानं एक लांबलचक लेख प्रसिद्ध झाला. लेख इतिहासावर होता. रशियन आणि युक्रेनियन हे मुळात एकच लोक, त्यांच्यात फूट पाडली ती परक्यांनी, आणि आजचा युक्रेन ही सोव्हिएत काळाची निर्मिती, असा त्याचा सूर होता. साडेसात महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे, रशियन रणगाडे युक्रेनच्या हद्दीत शिरले.

या युद्धाचा विषय निघाला की आपण नाटो, गॅस आणि तेलाच्या भावांवर बोलतो. ते मुद्दे आहेतच. पण युद्धाच्या तोंडावर एका राष्ट्राध्यक्षाला इतिहासावर लेख का लिहावासा वाटला, हे उमगल्याशिवाय युक्रेनचे लोक इतक्या चिवटपणे का लढताहेत तेही उमगत नाही. भावकीत जमीन लाटायची असली की आधी जुने कागद बाहेर निघतात आणि समोरच्याला सांगितलं जातं, तुझं नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतंच. युक्रेनच्या बाबतीत साम्राज्यानं तीनशे वर्षं हेच केलं. झार गेला, बोल्शेविक आले, सोव्हिएत संघही मोडला, तरी दावा तोच राहिला: वेगळा इतिहास नाही, वेगळी भाषा नाही, म्हणून वेगळा देशही नाही. त्यामुळे तिथे कविता लिहिणं, वही लपवणं, मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावणं हासुद्धा प्रतिकार ठरत गेला.

महाराष्ट्रात आपण कित्येक वर्षं या सगळ्या प्रदेशाला सरसकट रशियाच म्हणत आलो. मराठीत आलेली स्वस्त आणि देखणी सोव्हिएत पुस्तकं ज्या पिढीनं वाचली, तिच्या लेखी ती सगळी रशियन पुस्तकं होती. लेखक गोगोल युक्रेनमधल्या पोल्तावा भागातल्या सोरोचिन्त्सीचा, हे सांगायला कुणी बसलं नव्हतं. मग २०२२ च्या फेब्रुवारीत खारकीव्ह, विनित्सा, तेर्नोपिल ही नावं घराघरांत पोहोचली, कारण तिथे एमबीबीएसला गेलेली आपली मुलं भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आणि तळघरांत अडकून पडली होती. ऑपरेशन गंगाच्या विमानांतून मुलं परतली, आणि त्या शहरांकडचं आपलं लक्षही उडालं. त्या शहरांचा भूतकाळ समजून घ्यायचं राहून गेलं.

कीव्ह आणि मॉस्को

गोष्टीची सुरुवात ज्या जुन्या राज्यापासून होते त्याला इतिहासकार 'कीव्हन रुस' म्हणतात. राजधानी कीव्ह. राजा वोलोदिमिरनं ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि प्रजेला द्न्यिप्रो नदीकाठी बाप्तिस्मा दिला. मॉस्कोचा पहिला उल्लेख बखरींमध्ये सापडतो तो ११४७ चा, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनंतरचा. १२४० मध्ये मंगोलांनी कीव्ह उद्ध्वस्त केलं आणि त्या राज्याचे तुकडे वेगवेगळ्या वाटांनी गेले. ईशान्येला मॉस्कोचं राज्य वाढलं. कीव्हच्या आसपासचा मुलूख आधी लिथुआनिया आणि पुढे पोलंडच्या छत्राखाली गेला.

आजच्या अर्थानं 'रशियन' किंवा 'युक्रेनियन' असं त्या काळी कुणीच नव्हतं. तरी मॉस्कोच्या शासकांनी पुढे असा दावा मांडला की कीव्ह हे आमचं उगमस्थान, म्हणून कीव्ह आमचं. हा तर्क लावायचा तर रोममधून निघालेल्या प्रत्येक देशाला रोमवर सैन्य पाठवायचा हक्क मिळेल.

सतराव्या शतकात द्न्यिप्रोच्या खालच्या भागात कोसॅक ही लढवय्यी, स्वतःचा पुढारी स्वतः निवडणारी मंडळी बळावली होती. १६४८ मध्ये बोहदान ख्मेलनित्स्की यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी पोलंडविरुद्ध उठाव केला. त्या उठावात ज्यूंच्या मोठ्या कत्तली झाल्या, हेही सांगायला हवं. युक्रेनचा राष्ट्रीय नायक ज्यूंच्या आठवणीत अगदी वेगळ्या रूपात उरला आहे. सहा वर्षांच्या लढाईनंतर टेकू हवा म्हणून ख्मेलनित्स्की यांनी मॉस्कोच्या झारशी हातमिळवणी केली. जानेवारी १६५४ मध्ये पेरेयास्लाव इथे शपथविधी ठरला.

तिथे चर्चमध्ये जे घडलं त्यात पुढच्या तीनशे वर्षांचं बीज आहे. कोसॅक सरदारांना पोलिश राजाची रीत ठाऊक होती: राजाही शपथ घेतो, प्रजाही घेते. म्हणून त्यांनी झारचा दूत बुतुर्लिन याला म्हटलं, आमचे हक्क राखण्याची शपथ तूही झारच्या वतीनं घे. बुतुर्लिननं साफ नकार दिला. सर्वसत्ताधीश झार आपल्या प्रजेपुढे शपथ घेत नसतो, असं त्याचं म्हणणं. ख्मेलनित्स्की बाहेर गेले, आपल्या कर्नलांशी मसलत केली आणि परत येऊन एकतर्फी शपथ घेतली. कोसॅकांच्या लेखी तो दोन बाजूंमधला करार होता, मॉस्कोच्या लेखी शरणागती. १९५४ मध्ये सोव्हिएत संघानं याच घटनेची त्रिशताब्दी 'पुनर्मीलन' म्हणून वाजतगाजत साजरी केली.

करार की शरणागती, याचा निकाल लवकरच लागला. १७०० मध्ये रशिया आणि स्वीडनमध्ये उत्तर युद्ध पेटलं. त्यात १७०८ मध्ये हेटमन, म्हणजे कोसॅक राज्याचा प्रमुख, इव्हान माझेपा झार पीटरला सोडून स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सला मिळाला. पीटरच्या सैन्यानं त्याची राजधानी बातुरिन जाळली आणि सैनिकांसोबत शहरातल्या साध्या रहिवाशांनाही कापून काढलं. पुढच्या वर्षी पोल्तावाला चार्ल्स हरला. माझेपाला चर्चनं शाप दिला आणि साम्राज्यातल्या चर्चमधून तो दरवर्षी उच्चारला जाऊ लागला. बंडखोराला शिक्षा देऊन साम्राज्याचं भागलं नाही; त्याची आठवण काढणं हेही पाप ठरवलं गेलं.

कॅथरिन दुसरीनं उरलंसुरलं संपवलं. १७६४ मध्ये हेटमनचं पद गेलं, १७७५ मध्ये कोसॅकांचं मुख्य ठाणं सिच जमीनदोस्त झालं, १७८३ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांना वेठबिगारीत बांधलं गेलं. सिचचा शेवटचा प्रमुख पेत्रो काल्निशेव्स्की याला पांढऱ्या समुद्रातल्या सोलोव्की बेटावरच्या मठात कोंडलं. पंचवीस वर्षं तो त्या थंडीत कैदेत राहिला. सोलोव्की हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

भूदासाची कविता

तारास शेवचेन्को यांचा जन्म १८१४ चा, भूदासाच्या घरातला. म्हणजे जमिनीबरोबर माणूसही मालकाचा. चित्रकलेत हात चांगला, म्हणून मालकानं सेंट पीटर्सबर्गला नेलं. तिथल्या कलावंतांनी त्यांना सोडवायचं ठरवलं. प्रसिद्ध चित्रकार कार्ल ब्रुलोव्ह यांनी कवी झुकोव्स्की यांचं चित्र काढलं, त्याची लॉटरी लावली आणि आलेल्या २,५०० रूबलांत १८३८ मध्ये शेवचेन्को यांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. दोनच वर्षांनी 'कोब्झार' हा त्यांचा आठ कवितांचा छोटा संग्रह आला. ज्या बोलीला शहरातले लोक खेडवळ समजत, तिच्यात एवढी ताकद आहे हे पाहून वाचणारे थक्क झाले.

१८४७ मध्ये कीव्हमधल्या एका गुप्त मंडळाच्या प्रकरणात त्यांना पकडलं. घरझडतीत झार आणि झारिणीची टर उडवणाऱ्या कविता सापडल्या. शिक्षा ठरली: साधा शिपाई म्हणून ओरेनबर्गकडच्या सीमेवर रवानगी. त्या कागदावर झार निकोलस पहिल्यानं स्वतःच्या हातानं पुस्ती जोडली: कडक पहारा, आणि लिहायला व चित्र काढायला बंदी.

शेवचेन्को यांनी कागदाच्या लहानलहान वह्या शिवल्या, त्यांत बारीक अक्षरात कविता लिहिल्या आणि त्या बुटाच्या उंच कातडी गळ्यात लपवल्या. कोरड्या माळरानावरच्या किल्ल्यात दिवसभर कवायत, आणि पायाशी वही. त्या 'बुटातल्या वह्या' आजही टिकून आहेत. दहा वर्षांनी सुटका झाली तेव्हा तब्येत पार ढासळली होती. १८६१ च्या मार्चमध्ये पीटर्सबर्गला ते गेले, वेठबिगारी संपवणाऱ्या जाहीरनाम्यावर झारची नुकतीच सही झाली होती तेव्हा. मे महिन्यात त्यांचं शव कानिव इथे, द्न्यिप्रोकाठच्या टेकडीवर नेऊन पुरलं. १९१४ मध्ये त्यांची जन्मशताब्दी साजरी करायला झार सरकारनं बंदी घातली, तेव्हा कीव्हच्या रस्त्यांवर निदर्शनं झाली.

शेवचेन्को गेल्यावर सरकारनं भाषेकडे मोर्चा वळवला. १८६३ मध्ये बायबलच्या नव्या कराराचं युक्रेनियन भाषांतर परवानगीसाठी आलं आणि पोलंडमध्ये बंडही चालू होतं. गृहमंत्री वालुयेव्ह यांनी एक गुप्त परिपत्रक काढलं. वेगळी 'लिटल रशियन' भाषा कधी नव्हती, आज नाही आणि असू शकत नाही, हे मत त्यात उचलून धरलं होतं. 'लिटल रशियन' म्हणजे सरकारी कागदात युक्रेनियन. धार्मिक आणि शालेय पुस्तकं छापायला मनाई झाली. १८७६ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा जर्मनीतल्या एम्स गावी उपचारासाठी गेला असताना त्यानं आणखी कडक फर्मान काढलं: परदेशातून युक्रेनियन पुस्तकं आणायची नाहीत, नाटकं करायची नाहीत, स्वरलिपीखाली गाण्याचे शब्दही छापायचे नाहीत.

जी भाषा अस्तित्वातच नाही तिच्यावर बंदी घालायला दोन फर्मानं लागतात, यातच सगळं आलं. १९०५ मध्ये साम्राज्याच्याच विज्ञान अकादमीनं अहवाल देऊन मान्य केलं की ही वेगळी भाषा आहे.

मधल्या काळात भाषा जगली ती सीमेपलीकडे. आजच्या पश्चिम युक्रेनमधलं ल्विव्ह तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं, तिथे छपाईला मोकळीक होती. इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्की १८९४ मध्ये ल्विव्हच्या विद्यापीठात गेले आणि १८९८ पासून त्यांनी युक्रेनचा इतिहास खंडाखंडांनी लिहायला घेतला. १९१७ मध्ये झारशाही कोसळली तेव्हा कीव्हमध्ये जी प्रातिनिधिक सभा, म्हणजे 'रादा', बसली तिचे अध्यक्ष हेच इतिहासकार झाले. २२ जानेवारी १९१८ ला रादानं स्वातंत्र्य जाहीर केलं. काही दिवसांतच कीव्हवर चाल करून आलेल्या बोल्शेविक तोफांनी ह्रुशेव्स्की यांचं घर जाळलं, ग्रंथसंग्रहासकट.

लेनिननं युक्रेन तयार केला, असं पुतिन यांनी २१ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात सांगितलं. लेनिन सत्तेवर बसत होता तेव्हा युक्रेन आपलं स्वातंत्र्य जाहीर करून मोकळा झाला होता. ते राज्य सैन्यबळावर मोडावं लागलं, तरी तिथल्या लोकांची वेगळी ओळख मोडता येईना, म्हणूनच सोव्हिएत संघात युक्रेनला वेगळं प्रजासत्ताक द्यावं लागलं.

शब्दांचं घर आणि रिकामी कोठारं

१९२३ नंतर थोडी वर्षं मॉस्कोनं हात सैल सोडला. शाळा, वर्तमानपत्रं, कचेऱ्या युक्रेनियन भाषेत चालवायचं धोरण आलं. राजधानी होती खारकीव्ह. तिथे लेस कुर्बास यांच्या बेरेझिल नाट्यसंस्थेनं युरोपच्या बरोबरीचे प्रयोग केले. लेखकांनी सहकारी तत्त्वावर ६६ सदनिकांची एक इमारत बांधून घेतली. नाव 'स्लोव्हो', म्हणजे शब्द. दशकाच्या अखेरीस लेखक, नाटककार, चित्रकार तिथे राहायला आले. घराघरात टेलिफोन होता, आणि तो ऐकला जात होता.

त्याच वेळी खेड्यांत शेतजमिनी सक्तीनं सामूहिक केल्या जात होत्या. जे पुढे घडलं ते समजायला थोडा वेळ द्यायला हवा, कारण 'दुष्काळ' या शब्दानं आपल्या डोळ्यांसमोर कोरडं आभाळ येतं. १९३२-३३ चं मरण आभाळातून आलेलं नव्हतं.

मॉस्कोनं धान्याचे कोटे असे लावले की ते पुरे होणं शक्य नव्हतं. ७ ऑगस्ट १९३२ ला कायदा झाला: सामूहिक शेतातलं धान्य उचललं तर गोळी किंवा दहा वर्षं तुरुंग. लोक त्याला 'पाच कणसांचा कायदा' म्हणू लागले, कारण कापणीनंतर पडलेली कणसं वेचणाऱ्यालाही तो लागू पडत होता. चारच दिवसांनी, ११ ऑगस्टला, स्टालिननं आपला सहकारी कागानोव्हिच याला पत्र लिहिलं: आत्ता परिस्थिती सुधारली नाही, तर आपण युक्रेन गमावू शकतो. भीती राजकीय होती, हे त्या पत्रातून स्वच्छ दिसतं.

नोव्हेंबरपासून कोटा न भरणाऱ्या गावांची नावं 'काळ्या फळ्यां'वर चढू लागली. फळ्यावर नाव आलं की गावाचं दुकान बंद. मीठ, काडेपेटी, रॉकेल, काही नाही. धान्य नाही दिलं तर दंड मांस आणि बटाट्यांत वसूल व्हायचा. टोळ्या घरात घुसून लोखंडी सळयांनी जमीन आणि भिंती टोचून पाहायच्या, कुठे मूठभर दाणे पुरले आहेत का. १४ डिसेंबरचा मॉस्कोचा ठराव तर वाचून काटा येतो. विषय धान्यवसुलीचा, पण त्याच ठरावात आणखी एक हुकूम आहे: शेजारच्या कुबान भागात, जिथे युक्रेनियन लोकांची दाट वस्ती होती, तिथल्या शाळा आणि वर्तमानपत्रं ताबडतोब रशियन भाषेत न्या. दाणे आणि भाषा, दोन्हींची जप्ती एकाच कागदावर. २२ जानेवारी १९३३ ला शेवटचं दारही बंद झालं. युक्रेन आणि कुबानच्या शेतकऱ्यांना बाहेर जाऊ देऊ नका, गाड्यांची तिकिटं देऊ नका, असा स्टालिन आणि मोलोतोव्ह यांच्या सहीचा आदेश निघाला. अन्नाच्या शोधात निघालेल्या माणसाला पकडून उपाशी गावातच परत पाठवायचं, असा त्याचा अर्थ. शहरांत 'तोर्गसिन' नावाची सरकारी दुकानं होती, तिथे लग्नाची अंगठी दिली की थोडं पीठ मिळे. धान्याची निर्यात या काळातही चालू होती.

युक्रेनमध्ये सुमारे ३९ लाख माणसं मेली, असा लोकसंख्याशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. भुकेनं मारणं या अर्थी युक्रेनियन माणूस या काळाला 'होलोडोमोर' म्हणतो. हा वंशसंहार होता का, यावर इतिहासकारांत वाद आहे; कझाकस्तानात त्याच धोरणांनी सुमारे १५ लाख माणसं मारली, लोकसंख्येच्या मानानं तिथला आघात आणखी मोठा. माझं मत सांगतो. भूक अनेक प्रांतांत होती, पण हद्द बंद करणं, काळे फळे आणि भाषेवरचा घाला हे सगळं ज्या रीतीनं युक्रेन आणि कुबानवर एकत्र येऊन कोसळलं, त्याकडे पाहता हा केवळ फसलेल्या शेतीधोरणाचा परिणाम म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं. 'वंशसंहार' ही संज्ञा घडवणारे राफाएल लेमकिन ल्विव्हमध्येच शिकले होते, आणि १९५३ मध्ये त्यांनी सोव्हिएत राजवटीनं युक्रेनमध्ये केलं त्यालाही तेच नाव दिलं.

इकडे खारकीव्हच्या 'स्लोव्हो' इमारतीत मे १९३३ मध्ये लेखक मिखाइलो यालोव्ही यांना उचललं. दुसऱ्या दिवशी, १३ मे रोजी, त्यांचे मित्र मिकोला ख्विलोव्ही यांनी काही लेखकांना घरी बोलावलं, मग शेजारच्या खोलीत जाऊन स्वतःवर गोळी झाडली. ख्विलोव्ही हे क्रांतीवर मनापासून विश्वास ठेवणारे कम्युनिस्ट होते. युक्रेनियन साहित्यानं मॉस्कोचं अनुकरण सोडून युरोपकडे पाहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. जुलैत, युक्रेनियन भाषेच्या धोरणाची धुरा वाहिलेले मंत्री मिकोला स्क्रिप्निक यांनीही आत्महत्या केली. त्याच वर्षी सरकारनं युक्रेनियन वर्णमालेतून ग चा उच्चार दाखवणारं एक अक्षर काढून टाकलं, भाषा रशियनच्या जवळ यावी म्हणून. ते परत आलं १९९० मध्ये.

'स्लोव्हो'तल्या कित्येक सदनिका एकामागून एक रिकाम्या होत गेल्या. अनेकांना पाठवलं सोलोव्कीला, त्याच बेटावर जिथे काल्निशेव्स्की सडला होता. तिथून १९३७ च्या ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १,१११ कैदी रशियाच्या कारेलिया भागातल्या सांदारमोखच्या जंगलात नेऊन गोळ्या घालून मारले. ३ नोव्हेंबरच्या यादीत लेस कुर्बास, नाटककार मिकोला कुलिश, कवी मिकोला झेरोव्ह, कादंबरीकार वालेरियान पिद्मोहिल्नी एकत्र आहेत. एका भाषेची एक आख्खी पिढी गेली.

गप्प बसण्याची वर्षं

नंतर सुरू झालं ते न बोलणं. १९३७ च्या जनगणनेत माणसं कमी भरली, तर जनगणनाच रद्द झाली आणि ती घेणारे तुरुंगात गेले. वेल्सचा तरुण पत्रकार गॅरेथ जोन्स १९३३ मध्ये स्वतः खेड्यांतून पायी हिंडला आणि त्यानं भुकेची बातमी जगाला दिली. मॉस्कोत बसलेल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या वॉल्टर ड्युरँटी यानं ती खोटी पाडायचा प्रयत्न केला. घरांत आजी-आजोबा नातवंडांपुढे ते वर्ष उच्चारत नसत. फक्त पावाचा तुकडा टाकून द्यायचा नाही, हे मुलांना कारण न सांगता शिकवलं जाई. सोव्हिएत युक्रेनच्या नेत्यानं 'दुष्काळ होता' हे जाहीरपणे मान्य केलं ते १९८७ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धाची आठवणही अशीच कापून-शिवून दिली गेली. कीव्हच्या बाबिन यार घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत जर्मनांनी ३३,७७१ ज्यूंना मारलं. १९७६ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं, त्यावर ज्यूंचा उल्लेख नव्हता. १९४४ च्या मे महिन्यात क्रिमियातले तातार रातोरात मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हाकलले, तेही पुस्तकातून गायब.

याची दुसरी बाजू युक्रेननंही नीट पाहायला हवी. युक्रेनियन राष्ट्रवादी नेते स्तेपान बांदेरा यांच्या संघटनेच्या लोकांनी १९४३ मध्ये व्होलिन भागात हजारो पोलिश गावकऱ्यांच्या कत्तली केल्या. बांदेरा तेव्हा जर्मन छळछावणीत कैद होते, तरी कत्तल करणारे त्यांचं नाव घेणारे होते. आजही पोलंड आणि युक्रेनमध्ये यावरून खटके उडतात, आणि रशियाच्या प्रचाराला यातून आयतं कोलीत मिळतं. दडपलेल्या आठवणीचा हा एक तोटा असतो: ज्यावर उघड चर्चा व्हायला हवी होती, त्यावर पन्नास वर्षं एकतर शिव्या नाहीतर आरत्याच झाल्या.

साठच्या दशकात नवी पिढी उठली. ४ सप्टेंबर १९६५ ला कीव्हच्या 'उक्राइना' चित्रपटगृहात समीक्षक इव्हान झ्युबा यांनी व्यासपीठावरून लेखकांच्या अटकसत्राचा निषेध केला, तेव्हा त्यांच्या पाठिंब्याला प्रेक्षकांत उठून उभे राहिलेल्यांत कवी वासिल स्तुस होते. दोनेत्स्कमध्ये वाढलेले, म्हणजे ज्या भागाला आज 'मुळातच रशियन' म्हटलं जातं तिथले. १९७२ आणि पुन्हा १९८० मध्ये त्यांना अटक झाली. उरल पर्वताकडच्या छावणीत ते जर्मन भाषेतल्या रिल्के या कवीच्या कविता युक्रेनियनमध्ये आणत होते. पहारेकऱ्यांनी हस्तलिखित जप्त केलं. कागदाच्या चिटोऱ्यांवरची त्यांची काही टिपणं मात्र चोरून बाहेर आली. ४ सप्टेंबर १९८५ ला ते छावणीतच गेले. १९८९ च्या नोव्हेंबरात त्यांचे अवशेष कीव्हला आणले, तेव्हा हजारो लोक निळेपिवळे झेंडे घेऊन रस्त्यावर उतरले होते. तोवर चेर्नोबिलचा स्फोट होऊन गेला होता. किरणोत्सर्गाची कल्पना असूनही १ मे १९८६ ला कीव्हमध्ये मुलांना संचलनात चालवणाऱ्या सरकारवर आता कुणाचा विश्वास उरला नव्हता. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतं स्वातंत्र्याच्या बाजूनं पडली. दोनेत्स्कमध्ये ८० टक्क्यांच्या वर, क्रिमियातही निम्म्याहून जास्त.

आत्ताचं

होलोडोमोरचा स्मृतिदिन दर नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी असतो. संध्याकाळी चारच्या सुमारास लोक खिडकीत मेणबत्ती लावतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारियुपोल ताब्यात घेतलेल्या रशियन प्रशासनानं तिथलं होलोडोमोरचं स्मारक क्रेन लावून उखडलं. त्याच महिन्यात खेरसन सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिथल्या कॅथेड्रलमधून प्रिन्स पोत्योम्किनची हाडं उचलून नेली. हा कॅथरिनचा सेनानी, १७८३ मध्ये क्रिमिया गिळणारा. माघार घेताना सैन्य सहसा दारूगोळा वाचवतं. इथे अडीचशे वर्षांपूर्वीचा दाव्याचा पुरावा वाचवला गेला.

मार्च २०२२ मध्ये खारकीव्हच्या 'स्लोव्हो' इमारतीवर तोफगोळा पडला. त्याच महिन्यात इझियुमजवळच्या कापितोलिव्का गावातून बालसाहित्यकार वोलोदिमिर वाकुलेन्को यांना रशियन सैनिकांनी पकडून नेलं. न्यायला येणार हे त्यांना कळून चुकलं होतं. ताबा आल्यापासूनच्या दिवसांची डायरी त्यांनी बागेतल्या चेरीच्या झाडाखाली पुरली आणि वडिलांना सांगून ठेवलं, आपले लोक परत आले की काढा. सप्टेंबरात गाव मोकळं झालं. युद्धगुन्ह्यांची नोंद करायला आलेल्या कादंबरीकार व्हिक्टोरिया अमेलिना यांनी वाकुलेन्कोंच्या वडिलांसोबत ती जागा खणली. वडिलांना नेमकी जागा सापडेना, शेवटी अमेलिनांच्या हाताला ती गुंडाळी लागली. वाकुलेन्को यांचा मृतदेह इझियुमच्या जंगलातल्या सामूहिक दफनभूमीत क्रमांक घातलेल्या खड्ड्यात मिळाला. डायरी पुस्तकरूपात आली, प्रस्तावना अमेलिनांची. २७ जून २०२३ रोजी क्रामातोर्स्कच्या एका रेस्तराँवर रशियन क्षेपणास्त्र पडलं; त्या जखमांनी १ जुलैला अमेलिना गेल्या. वय ३७. तीसच्या दशकात मारल्या गेलेल्या लेखकांच्या पिढीबद्दल त्या सतत लिहीत होत्या. मे २०२४ मध्ये खारकीव्हच्या एका मोठ्या छापखान्यावर हल्ला झाला, सात कामगार गेले आणि हजारो पुस्तकं जळाली.

युक्रेनमध्ये आता रस्त्यांची नावं बदलताहेत, पुश्किनचे पुतळे उतरताहेत, २०२२ च्या डिसेंबरात ओदेसामधली कॅथरिनही उतरली. २०२३ मध्ये तसा कायदाही झाला. यातल्या प्रत्येक पुतळ्याशी मी सहमत होईन असं नाही. लेखक आणि सम्राज्ञी यांच्यात फरक करायला हवा, आणि ती चर्चा युक्रेनियन लोक आपसात जोरात करतात, रशियन बोलणारे आणि रशियाविरुद्ध खंदकात लढणारेसुद्धा. पण पोलीस, तुरुंग आणि बंदी न येता लोक आपल्या भूतकाळावर भांडताहेत, हे स्वातंत्र्य त्यांना फार उशिरा मिळालं आहे.

रशियात ते दार बंद झालं. सांदारमोखची थडगी शोधून काढणाऱ्यांपैकी एक, इतिहास संशोधक युरी दिमित्रियेव्ह, तुरुंगात आहेत. त्यांच्यावरचे आरोप रचलेले आहेत असं मानवाधिकार संघटना म्हणतात. सोव्हिएत दडपशाहीच्या बळींची नोंद ठेवणारी त्यांची 'मेमोरियल' ही संस्था बंद करायचा हुकूम सर्वोच्च न्यायालयानं २८ डिसेंबर २०२१ ला दिला, म्हणजे आक्रमणाच्या आठच आठवडे आधी. २०२३ पासून रशियन शाळांत वरच्या वर्गांना एकच सरकारी इतिहासाचं पुस्तक आहे, आणि व्यापलेल्या युक्रेनमधल्या मुलांनाही रशियन अभ्यासक्रमच शिकवला जातो. त्या पुस्तकाचे एक लेखक व्लादिमिर मेदिन्स्की, माजी सांस्कृतिक मंत्री.

युक्रेनशी वाटाघाटी करायला रशियानं प्रमुख म्हणून पाठवले तेही मेदिन्स्कीच, २०२२ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये इस्तंबूलला. या दुसऱ्या फेरीत त्यांनी उत्तर युद्धाचा दाखला दिल्याच्या बातम्या आल्या: स्वीडनशी आम्ही २१ वर्षं लढलो, तुम्ही किती वर्षं लढायला तयार आहात? टेबलाच्या पलीकडे बसलेले युक्रेनियन प्रतिनिधी त्याच युद्धाला बातुरिनच्या आगीवरून ओळखतात.